सहा फूट दोन इंचांचं करायचं काय?

ती. निनोंग अनाक्लेतो यांच्या सेवेशी,

तुमच्या धर्मपुत्राचा, म्हणजे तिबोयचा, नमस्कार. तुमचा उजवा हात धरून कपाळाला लावायचा तर मधे अर्धा देश आणि तीन समुद्र आडवे येतात, म्हणून कपाळ या कागदालाच टेकवलं आहे. (वरच्या कोपऱ्यात तेलकट डाग दिसेल, तो त्याचाच. भक्तीचा समजावा. लिगाया म्हणते की तो केसांना लावायच्या तेलाचा आहे. पण तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे आणि लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ती मोडलेली नाही.)

तुमच्या पायाचा अंगठा कसा आहे? दावावला तुमची लेक पेर्पेतुआ तुम्हांला कलेजी, कोळंबी आणि बिअर यांतलं काहीही देत नाही असं ऐकून वाईट वाटलं. तुम्ही शेजाऱ्याकडे जाऊन तिन्ही एका बैठकीत संपवता असं ऐकून बरं वाटलं. (कुणी सांगितलं ते विचारू नका. पेर्पेतुआनेच सांगितलं. तिला सगळं ठाऊक आहे. फक्त तिला ठाऊक आहे हे तुम्हांला ठाऊक नव्हतं, आणि तुमच्या घरातली शांतता त्यावरच टिकून होती.)

इकडे सर्व क्षेम आहे. तळं जागेवर आहे. बास्केटबॉलच्या मैदानाचं छप्पर गळतं, भात निघालं की अर्ध्या मैदानावर वाळत पडतं, आणि सरावाच्या आधी ते झाडून बाजूला सारावं लागतं. तुमच्या नावाची पाटी अजून खांबावर आहे. गेल्या वादळात तिचा शेपटाकडचा भाग उडाला, तेव्हापासून तिच्यावर नुसतं 'अनाक' उरलंय. परगावचे लोक ते वाचून म्हणतात, वा, 'अनाक', म्हणजे 'पोर' असं लिहिलंय, पोरांचं मैदान, छान! मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

हे पत्र कसल्याही कामासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं पत्र आलं की मागोमाग मागणं असतं, असा तुमचा समज मागच्या चौदा पत्रांमुळे झाला असल्यास नवल नाही. या वेळी नुसती ख्यालीखुशाली. बातमी एवढीच की मी कोच झालो आहे. (बसून वाचावे.)

ते असं झालं. दुकानाच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी गेली वीस वर्षं बास्केटबॉल कसा खेळायला हवा ते सांगत आलो आहे, आणि आजवर एकानेही माझं म्हणणं खोडलेलं नाही. त्यावरून माझं ज्ञान पक्कं आहे असं मी धरून चाललो होतो. (वस्तऱ्याखाली मान असलेला माणूस वाद घालत नसतो, हे लिगायाने फार उशिरा लक्षात आणून दिलं.) मार्चमध्ये वस्तीच्या संघाचा आधीचा कोच बोटीवर नोकरी लागून निघून गेला, आणि त्याच आठवड्यात आपल्या वस्तीच्या प्रमुख, कॅप्टनबाई एउलालिया, नवऱ्याचे केस कापून घ्यायला आल्या. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो. आधीच्या कोचचं काय चुकलं, त्याच्या आधीच्याचं काय चुकलं. बाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "तिबोय, एवढं सगळं येतं तुला?" मी म्हणालो, "बाई, पोरं एकदा माझ्या हातात द्या आणि बघा." "दिली," बाई म्हणाल्या. त्यांचा नवरा खदखदून हसला, आणि त्याच्या कानामागे जरा लागलं. पण तो विषय निराळा.

घरी येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे तुमची निळी वही काढली. दावावला जाताना तुम्ही ती माझ्या हातात ठेवून म्हणाला होतात, "यात सगळं आहे." खरंच सगळं आहे. पहिल्याच पानावर: उंच पोरगा रिंगखाली. बुटका बॉल घेऊन पळेल. जाडा आडवा येईल. रडणारा पाणी आणेल. (चौथ्या नियमाचा लाभ मी तुमच्या हाताखाली तीन वर्षं घेतला. भरलेली बादली कशी धरली म्हणजे खांदा भरून येत नाही, यात तळ्याच्या या काठाला आजही मला कुणी हरवणार नाही.) मी ते पान दहा वेळा वाचलं, छाती भरून आली, आणि पंधरा वर्षांखालची दहा पोरं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली.

रांगेच्या टोकाला फाउस्ताबाईंचा पिदोंग होता. फाउस्ताबाई आठवतात ना, कालव्याकडेला बदकं पाळतात, लाल रंगवलेली खारी अंडी विकतात? तुम्ही गेलात तेव्हा त्यांचा पोरगा एवढासा होता. आता उंची सहा फूट दोन इंच, आणि आई म्हणते की दर दोन महिन्यांनी पँट तीच राहते आणि पोरगा खाली उतरतो. निनोंग, मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. सबंध तालुक्यात या वयाचं एवढं उंच पोर नाही. मी त्याला हाताला धरून रिंगखाली नेलं, उभं केलं आणि म्हणालो, "इथून हलायचं नाही. बॉल आला की घ्यायचा. कुणी मधे आलं की सारायचं." तो म्हणाला, "बरं, कोच." आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं, कारण त्या पोराला कुणाला सारता येत नाही. त्याचा धक्का लागला की तो सॉरी म्हणतो. दुसऱ्याचा धक्का त्याला लागला तरी तोच सॉरी म्हणतो. एकदा खांबाला आपटला, तेव्हा खांबाला सॉरी म्हणाला. (हे मी रंगवून सांगत नाही. साक्षीदार आहेत.)

वहीत पान चौदावर तुम्ही लिहिलंय की मऊ पोराला टणक करायला गादीने झोडपावं. आमच्या पलंगावरची गादी मी मैदानात नेली. सात आठवडे, रोज संध्याकाळी, पिदोंग रिंगखाली उडी मारायचा आणि मी गादी घेऊन त्याच्या अंगावर धडकायचो. सात आठवड्यांनी गादीतला कापूस एका बाजूला गेला, माझी कंबर दुसऱ्या बाजूला गेली, आणि पिदोंग आधीएवढाच मऊ होता. फक्त आता तो गादी दिसली की डोळे मिटून घ्यायचा. लिगाया जमिनीवर झोपायची आणि मला रोज रात्री एकच प्रश्न विचारायची. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

बाकीच्या पोरांचंही वहीप्रमाणेच चाललं होतं. झेरविन हा सगळ्यांत बुटका आणि चपळ, म्हणून बॉल त्याच्याकडे. त्याला बॉल दिला की बाकी चौघांना घरी जाऊन जेवून येता येईल, कारण तो परत कुणालाच दिसत नाही. बेकरीवाल्याचा पोरगा, ज्याला सगळे मोनाय म्हणतात (तोंड त्या नावाच्या पावासारखंच गोल, वर मधोमध भांगाची चीर), तो उंचीने माझ्या खांद्याशी आणि वजनाने दोन माझ्याएवढा. त्याला हलकं करायला मी रोज चर्चभोवती दहा फेऱ्या मारायला लावत होतो. तो हलका झाला नाही, नुसता दुःखी झाला. प्रत्येकात जे नाही ते हुडकून ठासून भरायचं, असा माझा धडाका होता. जे आहे ते बघायला वेळ कुणाला होता?

मे महिन्यात स्पर्धा लागली. साखळीतला पहिलाच सामना शेजारच्या पुलो वस्तीशी. आमच्या पोरांचे कपडे शवपेट्यांच्या दुकानदाराने दिले होते आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत छापून आलं होतं, 'शेवटपर्यंत तुमच्यासोबत'. पुलोवाले ते वाचून संचलनातच हसायला लागले आणि सामना संपेपर्यंत थांबले नाहीत. एकसष्ट-एकोणीस. तुम्ही विचाराल की एकोणीस तरी कसे झाले. मलाही नवल वाटलं. पण खरी गंमत दुसऱ्या अर्ध्यात झाली. पिदोंगच्या हातात रिबाउंड आला, आयुष्यातला पहिला, दोन्ही हातांत घट्ट. त्याच झटापटीत पुलोचा एक बारकासा पोरगा खाली पडला. पिदोंगने वाकून एका हाताने त्याला उठवलं, दुसऱ्या हाताने त्याला बॉल दिला, आणि म्हणाला, "तुझाच होता ना?" त्या पोराने मान डोलावली आणि बॉल आमच्या रिंगमध्ये टाकला.

सबंध मैदान लोळायला लागलं. आणि निनोंग, तिथे माझी जीभ सुटली. मी उभा राहून ओरडलो, "अरे, देवाने ही उंची नारळाच्या झाडाला दिली असती तर निदान नारळ तरी मिळाले असते!" लोक आणखी हसले. मीही हसलो. मला वाटलं, काय विनोद जमलाय! पिदोंग हसला नाही. त्याने डोक्यावरून जर्सी काढली, नीट चार घड्या घातल्या, बाकावर ठेवली, मला म्हणाला, "सॉरी, कोच," आणि उघड्या अंगाने चालत गेला. घडीवर वरच्या बाजूला अक्षरं आली होती, 'तुमच्यासोबत' एवढीच.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी लिगाया भात वाढताना म्हणाली, "तू पाण्याची बादली घेऊन रडत होतास, तेव्हा तुला कुणी चारचौघांत असं बोललं होतं का?" मी म्हणालो, "हो. निनोंग बोलायचे." "मग तुला कसं वाटायचं?" मी म्हणालो, मासा खारट झालाय. ती म्हणाली, मासा अजून वाढलाच नाही. (निनोंग, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये. लिगाया बोलली, मी फक्त टिपून घेतोय.)

तेव्हा पाचव्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मी माफी मागायला निघालो. पायात कोचचे नवे पांढरे बूट. घरी फाउस्ताबाई अंडी रंगवत बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात लाल. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. नुसतं हनुवटीने शेताकडे दाखवलं. भात कापून झालेल्या शेतांत बदकं सोडलेली होती, चारेकशे तरी असतील, गोगलगायी वेचत. आणि त्यांच्या बऱ्याच मागे, बांधावर, हातात लांब बांबू आणि बांबूच्या टोकाला प्लास्टिकची पट्टी, असा पिदोंग उभा होता. पळत नव्हता, ओरडत नव्हता. मी हाक मारणार, तेवढ्यात वाटेच्या वळणावरून हातट्रॅक्टर धडधडत आला. बदकांचा अर्धा कळप वाटेच्या अलीकडे, अर्धा पलीकडे, आणि थोडी ऐन मधे. मी डोळे मिटले. (पिदोंग गादी दिसली की मिटायचा, तसेच.) उघडले, तर पिदोंगने बांबू वीतभर उचलून डावीकडे कलता केला होता, बस, आणि मी कंगव्याने भांग पाडतो ना, तशी ती चारशे बदकं मधोमध दुभंगली. ट्रॅक्टर मधून गेला. ड्रायव्हरने वेगसुद्धा कमी केला नाही. त्याला रोजचं होतं. मागून बांबू खाली आला आणि भांग मिटला.

मी पुढे पाऊल टाकलं आणि थेट कालव्यात गेलो. कमरेएवढा चिखल. पिदोंगने बांबूचं दुसरं टोक पुढे केलं आणि मला बाहेर ओढलं. एक बूट अजून तिथेच आहे. आम्ही दोघं बांधावर बसलो. मी त्याला विचारलं, "ती पांढरी बदकी उजवीकडे पळणार, हे तुला आधीच कसं कळलं?"

तो म्हणाला, "मान आधी वळते, कोच. पाय नंतर."

"आणि माणसांचं?"

"माणसांचे खांदे," तो म्हणाला. जसं काही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मग म्हणाला, "झेरविन डावीकडे पळायच्या आधी उजवा खांदा खाली घेतो. मोनायला बॉल हवा असतो तेव्हा तो हात वर करत नाही, कारण त्याला वाटतं, कुणी देणारच नाही. पण तो दोन बोटं हलवतो. असं."

निनोंग, सात आठवडे तो पोरगा रिंगखाली, आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी उभा केला होता.

मी म्हणालो, "पिदोंग, त्या दिवशी मी जे नारळाचं बोललो..." गिऱ्हाइकाला कापलं की मी तुरटी लावतो. याला काय लावायचं ते मला कळेना. तोच म्हणाला, "विनोद चांगला होता, कोच. माझ्यावर नसता तर मीही हसलो असतो."

"परत ये," मी म्हणालो.

"रिंगखाली?"

"नाही. बदकांच्या मागे उभा राहतोस ना, तिथे."

तो आला. त्यानंतर वस्तीत जो गहजब झाला तो विचारू नका. सहा फूट दोन इंचांचा पोरगा बाहेर उभा राहून बॉल पुढे आणतोय, दुसऱ्यांना देतोय आणि बेकरीवाल्याचा गोल पोरगा रिंगखाली! कॅप्टनबाई मैदानात येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेल्या. दुकानातली गिऱ्हाइकं मला सल्ले द्यायला लागली, वस्तऱ्याखालूनसुद्धा. झेरविन चार दिवस माझ्याशी बोलला नाही (संघाचे ते सर्वांत शांततेचे दिवस), आणि पाचव्या दिवशी म्हणाला, "बॉल माझ्याकडे नसेल तर मी करू काय?" मी म्हणालो, "पळ." "कुठे?" "पिदोंगच्या मनात असेल तिथे." "ते मला कसं कळणार?" "बॉल आला की कळेल." पहिले तीन बॉल त्याच्या नाकावर आले. चौथा हातात आला, आणि समोर कुणीही नव्हतं. रिंग होती आणि झेरविन होता. बॉल टाकायचाही विसरून तो पोरगा मागे वळून बघत राहिला, की हे झालं कसं.

मोनायच्या फेऱ्या मी बंद केल्या. त्याला एवढंच सांगितलं की पाठ लावून उभा राहा आणि घरी पिठाचं पोतं सरकवतोस तसं समोरच्याला सरकव. लहानपणापासून पोती सरकवणाऱ्या पोराला हे सांगायला मला अडीच महिने लागले. त्याला हलवायचं म्हणजे भट्टी हलवायची. तो दुःखी दिसेनासा झाला; उलट सरावाला पाव आणायला लागला, आणि त्यामुळे हलका व्हायचा उरलासुरला धोकाही टळला.

अडचण पिदोंगचीच होती. डोळे देवाने दिलेले, पण हाताला बॉलची सवय नाही. त्याने बॉल आपटला की तो त्याच्या कमरेएवढा उसळायचा, म्हणजे बाकीच्यांच्या छातीएवढा, म्हणजे येणाजाणाऱ्याने सहज उचलून न्यावा. मी त्याला सांगितलं की बदकांमागे बांधावरून चालतोस ना, तेव्हा बॉल गुडघ्याच्या वर येऊ न देता आपटत चाल. एका हातात बांबू, दुसऱ्यात बॉल. दोन आठवड्यांनी फाउस्ताबाई लाल हात घेऊन दुकानात आल्या. "तिबोय, माझी बदकं अंडी द्यायची थांबलीत. त्यांना वाटतंय, रोज भूकंप होतोय." मी म्हणालो, "बाई, पोरगा घडतोय." त्या म्हणाल्या, "पोरगा मी घडवलाय. तू फक्त आपट." शेवटी सकाळी बॉल घरात आणि दुपारनंतर बांधावर, असा तह झाला. अंडी पुन्हा सुरू झाली, आणि बॉलही हळूहळू खाली आला.

साखळीतून कसेबसे वर आलो, तर उपांत्य सामन्यात पुन्हा पुलोवालेच. शेवटचं मिनिट, एक्कावन्न-बावन्न, आम्ही एकाने मागे. बॉल पिदोंगकडे. कॅप्टनबाई खुर्चीवर उभ्या राहून ओरडतायत, "टाक रे! एवढा उंच आहेस, टाक!" सगळी वस्ती तेच ओरडतेय. पुलोच्या तिघांनाही ते पटलं आणि तिघेही त्याच्यावर धावले. मी ओरडलो नाही. (आवाज बसला होता, पण लोक त्याला माझा संयम म्हणतात, आणि मी नाकारत नाही.) पिदोंग झेरविनकडे बघत होता, म्हणून सगळेच झेरविनकडे बघत होते. आणि रिंगखाली मोनाय, कुणीही न बघितलेला, पुलोचा सगळ्यांत दांडगा पोरगा पाठीला लावून, दोन बोटं हलवत होता. बॉल न बघता त्याच्याकडे गेला. मोनायने तो धरला, एक क्षण त्याच्याकडे असा बघितला की हा माझा का, आणि आत टाकला. त्रेपन्न-बावन्न. निनोंग, त्या पोराचा बाप बेकरी उघडी टाकून आला होता. त्या संध्याकाळी सबंध वस्तीला पाव जळका मिळाला आणि कुणी तक्रार केली नाही.

अंतिम सामना आम्ही बाजारवस्तीच्या संघाशी तेवीस गुणांनी हरलो. ते तपशिलात सांगण्यासारखं नाही. त्यांच्या कोचने दोन दांडगे पोरगे पिदोंगच्या अंगावर सोडले आणि त्यांनी त्याला सामना संपेपर्यंत ढकललं, बस. पण दुसरं बक्षीस म्हणून मिळालेला भिंतीवरचा पंखा वस्तीच्या कार्यालयात लागला आहे आणि कॅप्टनबाई त्याच्याखाली बसून सांगतात की पिदोंगला बाहेर खेळवायची कल्पना त्यांचीच.

तर एवढीच ख्यालीखुशाली. म्हटल्याप्रमाणे कसलंही काम नाही. तुम्ही मला शिकवलंत त्याबद्दल मी कायमचा ऋणी आहे, आणि तुम्ही शिकवलंत त्याच्या नेमकं उलट केलं तेव्हा कुठे संघ उभा राहिला, याबद्दल क्षमा असावी. पेर्पेतुआला आशीर्वाद, शेजाऱ्याला नमस्कार.

तुमचा,
तिबोय

ता. क. फाउस्ताबाईंचा भाचा दावावला येतोय, त्याच्याबरोबर चाळीस खारी अंडी पाठवत आहे. प्रकृतीला चालतात की नाही ते खाऊन झाल्यावर विचारावे.

आणखी एक ता. क. कागद उरलाच आहे म्हणून लिहितो. अंतिम सामना बघायला देल्फिन आला होता. तोच, तुमचा लाडका, मी ज्याला पाणी नेऊन द्यायचो. आता तो तालुक्याच्या संघाचा कोच आहे आणि प्रांताच्या स्पर्धेसाठी त्याने पिदोंगला निवडलं आहे. मला आनंदाने मिठी मारून म्हणाला, "केवढा उंच रे! रिंगखाली सोनं आहे सोनं!" निनोंग, तो पोराला पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा करणार. मी समजावून बघितलं; तो म्हणाला, "निनोंगच्या वहीत काय आहे?" तेव्हा तुम्ही त्याला फक्त दोन ओळी लिहा, की या पोराला बॉल आणू दे. तुमच्या वहीत खाडाखोड मी केली तर तो अपमान. तुम्ही केलीत तर ती दुसरी आवृत्ती. (कबूल करतो, सबंध पत्र यासाठीच होतं. पंधरावं.)

शेवटचा ता. क. घोटाळा झाला आहे. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात पिदोंगच केस कापायला आला. निम्मे केस कापून झाल्यावर मोठ्या प्रौढीने मी त्याला सांगितलं, की तुझ्यासाठी मी निनोंगना काय लिहिलंय. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मला विचारलंत का, कोच?" नव्हतं विचारलं. तो म्हणाला, "फायनलला ते दोघं मला ढकलत होते तेव्हा मला राग आला. पहिल्यांदाच. पण त्या रागाचं करायचं काय, ते ठाऊक नव्हतं. मला बॉलही आणायचाय आणि रिंगखालीही उभं राहता यायला हवंय. ते मला कुणी शिकवलंच नाही. तुम्ही नुसतं झोडपलंत."

मी म्हणालो, "अरे, मला येत नाही ते."

"मग कुणाला येतं?"

निनोंग, हे लिहिणं जिवावर येतंय. पण पाय कुठे रोवायचा, कोपर कुठवर चालतं, न मारता जागा कशी मिळवायची, बॉल कुठे पडणार ते हातातून सुटतानाच कसं ओळखायचं, हे तळ्याच्या चारही काठांना एकाच माणसाला येतं. मी तीन वर्षं बाकावर बादली घेऊन बसलो होतो. मला तिथून सगळं दिसायचं. तुम्ही शिकवायला लागलात की ओरडायचंही विसरत होतात.

तेव्हा देल्फिनला पत्र लिहू नका. तुम्हीच या, महिनाभर तरी. पोराला सांगून ठेवलंय की तुम्ही फार ओरडता. तो म्हणाला, "ओरडू देत. पण मला काय येतं ते आधी बघतील का?" मी म्हणालो, बघतील. खोटं पाडू नका.

आता थांबतो. तो खुर्चीत ताटकळलाय. एक बाजू मी माझ्याच मनाने कापली, ती दिसतेच आहे. दुसरी कशी हवी, ते विचारायचं राहिलंय.